मलाही ऐकू येतं

३ मार्च
लेकीकडे मुक्काम हलवला. तिसरा मजला, हवेशीर खोली. मी इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. झाडू मारता मारता गॅरेजचा मालक झालो तो या कानांच्या जोरावर. इथली लिफ्ट कण्हते, पंखा कुरकुरतो, हे आल्या आल्या सांगून टाकलं. लेक म्हणाली, बाबा, आल्या दिवशीच दुकान मांडू नका. हिला, माझ्या बायकोला, जाऊन चार महिने झाले. आज पहिल्यांदा पोटभर हसलो.

९ मार्च
दुपारी स्वयंपाकघरातून हिची हाक आली. अहो, चहा निवतोय. तोच वैतागलेला, मायेचा सूर. उठून पाहिलं, ओटा कोरडा.
डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, चाळीस वर्षांच्या संसारानंतर असं होतं. हे दुःख आहे, आजार नव्हे. भास आहे हे तुम्हाला कळतंय, जेवणझोप नीट आहे, तोवर घाबरू नका. पण ते खरं वाटू लागलं, त्या आवाजाच्या सांगण्यावरून वागू लागलात, तर त्याच दिवशी या. शंका आली की लेकीला विचारा.

१४ मार्च
हाक आली तेव्हा लेक समोरच होती. ऐकलंस का, विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोळे भरले. म्हणाली, हो बाबा, मलाही ऐकू येतं.
केवढा हलका झालो! म्हणजे भास नव्हेच. डॉक्टरांकडची पुढची खेप रद्द.

२० मार्च
लेक फोनवर मावशीला सांगत होती, मला कुठलं काय ऐकू येतंय गं, त्यांचं तोंड बघवेना म्हणून बोलून गेले.
पण हे तरी खरंच ऐकलं का मी? ही म्हणते, नाही.

२३ मार्च
लेकीने जेवायला हाक मारली. गेलो. कुणी नाही. फोन केला तर ती ऑफिसात. जित्या माणसाचाही आवाज आता —
डॉक्टरांकडे जायला हवं. ही म्हणते, नका जाऊ, ते मला घालवतील.

२४ मार्च
कडी लावली. हिनेच सांगितलं.
लेक दार ठोठावतेय. बाबा, उघडा, डॉक्टरांना आणलंय, माझं चुकलं, खोटं बोलले मी. ही म्हणते, ती लेक नव्हे, नुसता आवाज.
मग तू कोण, विचारलं.
बाहेरची रडतेय. लहानपणी पडली की अशीच — श्वास अडकवून —
उठतो. ही मागून हळूच म्हणतेय, अहो, उघडलंत की मी पुन्हा —