हेकळीच्या गाठीतला नर फुलकिडा

मी, अजिनाथ रामकिसन औताडे, वय ७२, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक, राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे माझी बुद्धी शाबूत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव पुतणी दिपाली हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. पुस्तके रद्दीत घातली तरी हरकत नाही.

२. माझे जुने विभागप्रमुख आप्पासाहेब यांना शोकसभेत बोलू देऊ नये. हयातभर त्यांनी माझे काम अडवले. आता ते मला ‘प्रामाणिक संशोधक’ म्हणतील, आणि ते मला सहन होणार नाही.

३. भिंगाखाली पाहायच्या कीटकांच्या काचपट्ट्यांची पेटी कीटक-संग्रहालयाला द्यावी, मात्र पुढील मजकूर वाचूनच.

करमाडजवळच्या टेकडीवर हेकळीच्या काटेरी झुडपांच्या पानांना गाठी येतात, हे मला शेळ्या राखणाऱ्या बानाबाई शिंगाडे यांनी दाखवले. गाठीत डोळ्याला जेमतेम दिसणारे काळे फुलकिडे होते. मिशांची पेरे, पायांवरचे केस तपासले. ओळखीच्या एकाही जातीशी जुळेनात. पण सगळ्या माद्याच. नर मिळाल्याशिवाय नवी जात जाहीर करणे कठीण होते.

सन २०११, श्रावण. ताज्या गाठी फक्त कड्यावर उरल्या होत्या. त्या काढून आणायला मी बानाबाईंना सांगितले.

“सर, कडा लई निसरडा झालाय. उद्या आणलं तर नाय चालायचं का?”

“उद्यापर्यंत गाठी फुटतील,” मी म्हणालो. हे खोटे होते. मला घाई होती.

बानाबाई कड्यावरून पडल्या. मी खाली पोचलो तेव्हा श्वास नव्हता. लोक येण्याआधी मी त्यांच्या मुठीतली फांदी काढून पिशवीत घातली. शेळीमागे गेल्या, असे सगळ्यांना सांगितले. त्यांची मुलगी शालू हिने ती शेळी आठवड्यात विकून टाकली.

त्या फांदीत नर सापडला. जातीला मी वडिलांचे नाव दिले, संकलक म्हणून स्वतःचे. तेव्हापासून पट्टी भिंगाखाली धरली की किड्याआधी मूठ दिसते.

जातीचे नाव आता बदलत नाही; काचपट्टीवरची चिठ्ठी बदलता येते. तिच्यावर ‘संकलक : बानाबाई शिंगाडे’ असे लिहावे व तिची प्रत शालूला द्यावी.

४. गेल्या महिन्यात मी शालूकडे जाऊन हे सारे सांगितले. ती म्हणाली, “मायनं हाक मारली व्हती का?”

मी नाही म्हणालो.

बानाबाईंनी दोनदा हाक मारली होती. मी पान पाहत होतो. मान वर केली नाही. हे कलम शालूला वाचून दाखवावे.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

अजिनाथ रामकिसन औताडे (सही)

साक्षीदार :
१. कडुबा सोनाजी गवळी, शेजारी (सही)
२. द्वारकाबाई रामहरी पठाडे, निवृत्त ग्रंथपाल (सही)

छत्रपती संभाजीनगर, १२ ऑगस्ट २०२५