अक्काच्या पेटीवरची लेबलं

शनिवार, दिवेलागण

राजाजीनगरला थोरल्या अक्काच्या स्टुडिओत जाऊन आलो. तिथले लग्नांचे सगळे फोटो मी जुळवलेल्या चार डिस्कच्या RAID पेटीत असतात, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच साठा. एक डिस्क मेली तर चालतं, दोन गेल्या की पेटी उघडतच नाही. आज एक मेली. पडद्यावर आलं, 'डिस्क २'. मी २ चं लेबल असलेली ओढून काढली, आणि तीच धडधाकट निघाली! झालं, दोन गेल्या, पेटी बंद. पेटी शून्यापासून मोजते. माझी लेबलं एकपासून, म्हणजे मेलेली होती ३ च्या लेबलाची. सुबक अक्षरातली, माझ्याच हातची. सीरियल नंबर का नाही पाहिला मी? जगाला तर तेच सुनावत असतो.

अक्काला म्हणालो, करंट गेला तेव्हा दोन्ही एकदम जळल्या. वर ती लेबलंही खरवडून काढली. कशासाठी?

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्याकडे पेटी नेली तर फोटो अजून मिळतील. फक्त चालू डिस्क मीच ओढली, हे सांगावं लागेल.

"मारतहळ्ळीला असा डेटा काढून देणारा कुणी आहे म्हणे, त्याला दाखवू का रे?" अक्काने विचारलं. मी पेटीच्या वायरी गुंडाळायला लागलो.

"सरी, ठीक आहे, राहू दे. तुला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमायचं नाही."

मी मान डोलावली.