उजवा पाय आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी साखरेचे आकडे रोज लिहून ठेवायला सांगितलं आहे. नुसते आकडे कोणीही लिहील. मी सविस्तर लिहिणार. आकडे उद्यापासून.

गोदामात आज नोटीस लागली. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांची महिनाअखेर वैद्यकीय तपासणी. जो त्यात बसणार नाही त्याचं काय, ते लिहिलेलं नाही. बाकीच्यांचे चेहरे उतरले. मी अजिबात घाबरलो नाही. माझी फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हाताला नीट येत नाही, हे सगळ्या गोदामाला माहीत आहे. नोटीस पुन्हा पुन्हा वाचली ती केवळ शुद्धलेखन तपासण्यासाठी.

संकल्प: पहाटे फिरायला जाणे. गोड बंद. तपासणीपर्यंत साखर इतकी खाली आणायची की डॉक्टरांनी मलाच युक्ती विचारावी.

४ फेब्रुवारी

फिरायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत. दारातच होते, पण ते दिसेपर्यंत ऊन वर आलं होतं. उन्हात फिरणं माझ्या वयाला बरं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आमचा शिफ्ट इन्चार्ज, ज्याला आम्ही पाठीमागे टॅबसाहेब म्हणतो कारण टॅब त्याच्या हाताला चिकटूनच असतो, त्याने आज नवे नियम वाचून दाखवले. फ्लोअरवर खायचं नाही, प्यायचं नाही, बसायचं नाही. स्टुलं उचलून नेली. जेवणाची सुट्टी ट्रक रिकामा झाल्यावर. पोरगा वाईट नाही. मला काका म्हणतो. नियम वाचताना माझ्याकडे बघत नव्हता, एवढंच.

मी सकाळी इन्सुलिन टोचून येतो, तेव्हा ठरल्या वेळी पोटात काही पडायला लागतं. आज ट्रक संपता संपेना. अंगाला दरदरून घाम, हात लटपटायला लागले. मास्तरने पाहिलं आणि मला रॅकच्या मागे ओढून नेलं. मास्तर म्हणजे माझ्याबरोबर नोकरीला लागलेला माणूस. खोक्यांवरचे स्टिकर तपासतो. चुकीचं बोललेलं त्याला सहन होत नाही म्हणून हे नाव. त्याच्या छातीत दोन स्टेंट आहेत. खोक्यांच्या आडोशाला आम्ही दोघे म्हातारे तोंड दाबून बिस्किटं खात होतो, आवाज होऊ नये म्हणून भिजवून भिजवून.

मास्तर म्हणत होता, टॅबसाहेबाला जाऊन सरळ सांगू. मी म्हटलं, तपासणी होऊ दे, मग बघतो एकेकाला. आत्ता आजारपणाचा उच्चारही नको. धोरण म्हणतात याला.

(बिस्किटं गोड होती. औषध म्हणून खाल्ली, तेव्हा संकल्प अबाधित.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरी येऊन बूट काढला तर आमची ही एकदम पायाशी खाली बसली. मोजा लाल. बुटाच्या तळातून पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचा, खिळा आत आलेला, चांगला बोटाच्या पेराएवढा. मी अख्खी शिफ्ट तो बूट घालून काम केलं आणि मला पत्ता नाही.

हिला म्हटलं, बघ, किती सहनशक्ती आहे माझ्यात. हिने पाय धुतला, पट्टी बांधली. तिचे हात थरथरत होते. माझे नव्हते. मी हात मांडीखाली दाबून धरले होते.

१२ फेब्रुवारी

ही बाजारात गेल्यावर प्रयोग केला. डोळे मिटले आणि शिवणाच्या डब्यातली टाचणी उजव्या पायाला लावून पाहिली. अंगठा: काही नाही. तळवा: काही नाही. टाचेला थोडं काहीतरी वाटलं. नंतर डोळे उघडले तेव्हा कळलं, टाचणी टाचेवर नव्हतीच.

निष्कर्ष: इतकी वर्षं सेफ्टी शूज घालून पायाची कातडी निबर झाली आहे. काळजीचं कारण नाही.

मग बराच वेळ पलंगावर पाय वर घेऊन बसलो. जमिनीवर ठेववेना. जमीन आहे की नाही ते मला कळणारच नव्हतं.

मुलीचा फोन आला. बाबा, पाय डॉक्टरांना दाखवला का, म्हणाली. हिने कळवलेलं दिसतं. दाखवला म्हणून सांगितलं. म्हणजे तपासणीत दाखवणारच आहे, तोही डॉक्टरच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन पद्धत बसवली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाचे. पाय नेमका कशावर आहे हे जाणवत नसेल तर खाली बघून घ्यायचं. साधी गोष्ट. समोर बघायचं, खाली बघायचं, समोर बघायचं. डोळ्यांनाही व्यायाम. आज दिवसभर काही झालं नाही.

टॅबसाहेब म्हणाला, काका, स्पीड कमी पडतोय, टॅबवर लाल दिसतंय. उद्यापासून खाली जरा कमी वेळा बघेन.

पायाची जखम भरत येत असावी. पट्टी सोडून पाहिली नाही. उगाच हवा लागते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

मास्तर रॅकपाशी उभा राहून स्टिकर वाचत होता. मी भरलेलं पॅलेट घेऊन आलो. ब्रेक दाबला. दाबला असं मला वाटलं. गाडी थांबेना. खाली बघितलं तर पाय ब्रेकच्या शेजारी, मोकळ्या जागेत, सगळा जोर लावून दाबून बसलेला. वर बघितलं तेव्हा मास्तर अगदी समोर होता, आणि त्याचं तोंड उघडलेलं होतं पण आवाज येत नव्हता. स्टिअरिंग वळवलं. पॅलेट रॅकवर आदळलं. वरची खोकी धडाधड खाली आली. मास्तर भिंतीला चिकटला, म्हणून वाचला. छाती धरून खाली बसला.

टॅबसाहेब धावत आला. मास्तरनेच त्याला सांगितलं, फरशीवर तेल सांडलंय, गाडी घसरली. फरशी कोरडी ठणठणीत होती. जन्मात पहिल्यांदा मास्तर चुकीचं बोलला.

तेल असेलही थोडं. मला तिथून नीट दिसलं नसेल.

जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी

मास्तर घरी आला. चहा नको म्हणाला. ही आत गेल्यावर त्याने विचारलं, "खरं सांग. पाय ब्रेकवर नाही हे तुला कळलं होतं का?"

मी गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलायला लागलो. त्याने बोलू दिलं. मग म्हणाला, "काल मी मेलो असतो तर तू माझ्या बायकोलाही सर्व्हिसिंगचंच सांगितलं असतंस."

तपासणीत तूच सांग, नाहीतर मला सांगावं लागेल, असं म्हणून उठला. जिना उतरताना प्रत्येक वळणावर थांबत होता. मी वरून बघत होतो.

मास्तर फार मनाला लावून घेतो. हृदयरोग्यांचा स्वभावच तसा होतो. पण ठरवलं: तपासणीत सगळं सांगायचं. पायाचं, बिस्किटांचं, स्टुलांचं. असं खणखणीत बोलायचं की नियमच बदलावे लागतील. आरशासमोर तालीम केली. छान जमलं.

सोमवारी पाठदुखी सांगून रजा घेतली. पाठ तशी दुखतेच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. तपासणी

कॅन्टीनमध्ये पडदा लावून दवाखाना केला होता. मास्तर माझ्या आधी आत गेला. पडद्यातून ऐकू येत होतं. छातीत दुखतं, उपाशीपोटी गोळ्या सोसत नाहीत, उभं राहवत नाही, सगळं शांतपणे सांगितलं त्याने. दुपारपर्यंत त्याला हलकं काम म्हणून गेटवर पाठवलं. गेटवरही खुर्ची नाही.

हे ऐकून माझं भाषण पोटातच राहिलं.

डॉक्टरीण बाई माझ्या मुलीएवढी. बूट-मोजे काढायला लावले. पट्टी मी घरीच काढून टाकली होती, वरून पावडर मारली होती. आडवं व्हा, डोळे मिटा, म्हणाली. बारीक दोऱ्यासारखं काहीतरी लावते, लागलं की हो म्हणा.

मी हुशारी केली. जरा जरा वेळाने हो म्हणायचं ठरवलं. हो. थोडं थांबून, हो. पुन्हा, हो. आवाजात आत्मविश्वास ठेवला.

बाई म्हणाली, "काका, मी अजून सुरुवात केलेली नाही."

डोळे उघडले. ती पायाशी नव्हतीच. टेबलाजवळ हातमोजे घालत होती. मग पायाकडे आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. पावडर पुसली. अंगठ्याखाली काळं पडलं होतं. हे कधीपासून, असं तिने फार हळू विचारलं. हळू विचारलं म्हणूनच घाबरलो.

तेव्हा सगळं सांगितलं. भाषण नव्हतं ते. मध्ये मध्ये नाकही ओढत होतो. मास्तरचंही सांगितलं, कोरड्या फरशीचंही.

टॅबसाहेबाने गाडीची किल्ली मागितली. काका, आराम करा, आम्ही कळवू, म्हणाला. या वेळीही त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याचा हात जरा वेळ माझ्या हातात राहिला.

१ मार्च, शनिवार

मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. सोमवारी सर्जन बघून ठरवणार. अंगठ्यावर भागलं तर नशीब, असं तिथले डॉक्टर सोबत आलेल्या मुलीला बाहेर नेऊन म्हणाले. दार लोटलेलं नव्हतं.

कंपनीने अजून कळवलेलं नाही. सुट्टीचे दिवस असतील.

मास्तरचा फोन आला. तुझ्या गाडीवर नवीन माणूस आलाय, म्हणाला. चालवायला कसा आहे, विचारलं. तो म्हणाला, चांगला आहे.

२ मार्च, रविवार

हिने दुपारी ड्रेसिंग केलं. मला बघवत नाही, म्हणून डोळे मिटून पडलो होतो. मी हिला सांगत होतो की उद्या काही विशेष होणार नाही, सर्जन लोक उगाच घाबरवतात, महिन्याभरात मी पुन्हा गाडीवर असेन. बराच वेळ बोललो. ही काहीच बोलेना. मला वाटलं, उठून आत गेली.

मग म्हणालो, भीती वाटते गं. इथेच आहेस का? असलीस तर पायावर जरा हात ठेव.

ही म्हणाली, "ठेवलाय. केव्हाचा ठेवलाय."