शेवटून दुसरा डबा

धार
४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. माईस,
श्रीपादचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फर्मानच ते. वाचनालयाच्या पायरीवरून मी पडलो हे खरं, डावं मनगट दुखावलं हेही खरं. पण म्हणून मी बहात्तराव्या वर्षी चंबूगबाळं आवरून दसऱ्यापर्यंत देवासला तुझ्या, थोरल्या बहिणीच्या, घरी कायमचं राहायला यावं, हा निष्कर्ष डॉक्टरांनी काढलेला नाही, तो तुझा आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही म्हणून तू पत्रानं बजावतेस, तर मीही पत्रानंच सांगतो. मी येणार नाही.

आपल्या नानांनी सुरू केलेलं हे वाचनालय मी रोज संध्याकाळी पाच ते सात उघडतो. सभासद अकरा. मी गेलो तर त्याला कुलूप लागेल आणि ते पुन्हा निघणार नाही. इथली आपल्या लोकांची मुलं घरात मराठी बोलतात, पण पुस्तक हातात दिलं की काका, हिंदीत सांगा ना, म्हणतात. त्यांच्यासाठी निदान दार तरी उघडं असावं.

आणि तुला ते चित्र आठवत असेलच. शहात्तर सालच्या गणपतीत देवासच्या हॉलमध्ये तुझ्या यजमानांनी, मोरेश्वररावांनी, स्वतः मशीन चालवून दाखवलेलं, अवकाशातल्या ठाण्यावर एकटीच राहणाऱ्या बाईचं परदेशी चित्र. ठाणं बंद होतंय, परत या, असा तिला निरोप येतो. ती एकेक दिवा मालवते, यानात बसते, पडद्यावर कसलीशी अक्षरं येतात आणि अर्धा हॉल चपला शोधायला उठतो. आणि मग ती पुन्हा त्याच खिडकीशी, टोमॅटोच्या रोपाला पाणी घालताना! यान तिनं वाटेतून वळवलं, आणि ते दाखवायचीही दिग्दर्शकाला गरज वाटली नाही. त्या दिवशी माझ्या खिशात पुण्याच्या कॉलेजातल्या नोकरीचं पत्र होतं. नाना अंथरुणाला खिळलेले, वाचनालय बंद पडायच्या बेतात. हॉलमधून बाहेर पडलो तो पुण्याला नकार कळवायचं ठरवूनच. अठ्ठेचाळीस वर्षांत मला त्याचा पस्तावा झालेला नाही.

मनगट बरं आहे. जावईबापूंसारखी माझी सरबराई करायचा बेत तेवढा रद्द करावा, बाकी लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझा
श्रीपाद


देवास
११ ऑगस्ट २०२४

चि. श्रीपादास,
माईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अकरा सभासद म्हणतोस. त्यातले चार तर देवाघरी गेले. ते काय वरून पुस्तक बदलायला येतात? विनीता इकडे तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेते आहे, आणि सूनबाईनं रंग निवडला की मागे फिरणं नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

ते चित्र मी कशी विसरेन! खाली सतरंजी, मांडीवर किरकिरणारा मयुरेश, आणि पडद्यावर एक बाई पाऊण तास एका रोपाला पाणी घालते आहे. मला वाटलं, यांची मशीनच अडकली. शेजारच्या वहिनींची तोवर दोन डुलक्या काढून झाल्या होत्या. तू मात्र पुढे वाकून असा बघत होतास की जणू मुंजीत मातृभोजनाला बसला आहेस. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. बोलावणं आलं की माणसानं घरी जावं. अर्ध्या वाटेतून परत फिरून रिकाम्या ठाण्यावर बसण्यात कसला आला मोठेपणा? तू त्या बाईला डोक्यावर घेतलंस आणि तेव्हापासून तिच्या आडून बोलतोस.

आमचं देवास म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राज्यं. इथल्या पाण्यात वाढलेल्या माणसाला वाद घालायचा कंटाळा येत नाही. तेव्हा ऐक. शार्दूलनं ते चित्र शोधून काढलं आहे, अगदी धुऊन पुसून लख्ख केलेलं. हिंदी अक्षरं खाली येतात म्हणे. तो म्हणतो की आजी, पिक्चर इतकं स्लो आहे की मी मधेच उठून पोहे खाऊन आलो तरी बाई तिथंच होती. पीथमपूरच्या ड्यूटीवर जाताना तो तुला पेनड्राइव्ह देईल. एक सप्टेंबरला रविवारी दुपारी तीन वाजता तू धारला बस, मी इथं बसते. उठायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, फोन करायचा नाही.

चोवीस वर्षांच्या पोराच्या नजरेनं नको, आजच्या नजरेनं बघ. बघून झाल्यावरही तुझं मन म्हणालं की त्या बाईचं उदाहरण तुला लागू आहे, तर मी पुन्हा देवासचं नाव काढणार नाही. नाही म्हणालं, तर दसऱ्याचं सोनं तू इथंच द्यायचंस आणि इथंच राहायचंस. निकाल तूच लिहून कळव. तू लबाडी करणार नाहीस एवढं मी तुला ओळखते.

औषध वेळेवर घे. माया आहे म्हणून रागावते, हे समजून घ्यावं.

तुझी
माई


धार
१९ ऑगस्ट २०२४

ती. स्व. माईस,
शि. सा. न. वि. वि.

मान्य. शब्द दिला.

शार्दूल पेनड्राइव्ह देऊन गेला. चहा पिता पिता मला म्हणाला की मामाआजोबा, टेंशन नका घेऊ, दीड पट वेगानंही बघता येतं. मी त्याला दाराबाहेर काढणार होतो, पण पोरगं तुझ्यावर गेलंय, हसतं छान. त्या चित्राची चाल मुद्दाम तशी आहे, माई. तिच्या निरोपाचं उत्तर यायला अकरा महिने लागतात. ते अकरा महिने आपल्या अंगावरून गेले नाहीत तर ती परत का फिरली हे कसं कळणार? लोकांना वाटतं काही घडत नाही. मी आपल्या हस्तलिखित वार्षिकात तेव्हा सोळा पानं लिहिली होती यावर. ती पडद्यावरची अक्षरं म्हणजे फसवा शेवट आहे, उतावळे उठून जातात आणि खरा रसिक बसून राहतो, असं माझं म्हणणं होतं.

तू झोपलीस तर पैज मी जिंकली असं धरीन. खोलीचा रंग दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल असाच निवडायला विनीताला सांग.

कळावे, आणि कृपा असावीच.

श्रीपाद


धार
२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. माईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल कळवतो.

ती वळत नाही, माई. ती घरी जाते.

काल शेवटचा तासभराचा भाग मी तीनदा पाहिला. रोपाला पाणी घालण्याचा तो लांबलचक भाग निरोपाच्या आधी आहे. ती वाट बघते आहे, म्हणून खिडकीशी बसली आहे. मग निरोप येतो. मग ती दिवे मालवते, रोप कुंडीसकट मांडीवर घेते, यानात बसते आणि चित्र संपतं. पडद्यावर ती अक्षरं येतात आणि त्यांच्याखाली हिंदीत स्वच्छ लिहिलेलं येतं, समाप्त. आपल्याला फिल्मच्या रिळांचे शेवटचे दोन डबे उलट क्रमानं, शेवटचा आधी, दाखवले गेले होते. जो फसवा शेवट म्हणून मी सोळा पानं लिहिली, तो साधा शेवट होता. चपला शोधायला उठलेले लोक बरोबर होते. खरा रसिक म्हणे!

आणखी एक कबुली. काल मला ते चित्र संथ वाटलं. मी दोनदा घड्याळ पाहिलं.

तुला हे न कळवता राहता आलं असतं, कारण तू झोपली असशील अशी माझी खात्री आहे. पण तू मला ओळखतेस म्हणालीस. त्या बाईचं उदाहरण मला लागू नाही, कधी नव्हतंच. मी एका चुकीच्या डब्यावर इथं बसून राहिलो. आज पाच वाजता वाचनालय उघडायला गेलो नाही. खोली तयार ठेव. दसऱ्याला येतो.

जास्त काय लिहू. सांभाळून घ्यावं.

श्रीपाद


देवास
२ सप्टेंबर २०२४

चि. श्रीपादास,
माईचे आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आत लिहिते, नाहीतर माझा धीर होणार नाही.

मी झोपले नाही. मुळीच नाही. हल्ली दुपारी विनीता शाळेत शिकवायला, नात चिऊ कॉलेजात, आणि मी एकटी गॅलरीकडे तोंड करून बसलेली असते. ती बाई पाणी घालते, मग नुसती रोपाकडे बघते, मग भांडं पुसून जागेवर ठेवते. मला अजिबात कंटाळा आला नाही रे. तेव्हा मांडीवर मूल होतं, घरी पंगत उठायची होती, मला तिच्याकडे बघायला सवड कुठं होती? तुझं म्हणणं खरं होतं, हे चित्र असंच सावकाश हवं. दिवे मालवताना तर मी रडले. शार्दूलला सांगू नकोस.

पण ती घरी गेली हे पाहिलं आणि मला सगळं आठवलं. त्या दिवशी चित्राआधी मशीनची पूजा झाली. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला आणि डबेही पुजायला सांगितले. मी ओल्या कुंकवानं प्रत्येक डब्यावर चांगलं ऐसपैस स्वस्तिक काढलं, नेमकं आकडा लिहिलेल्या चिठ्ठीवर. मध्ये आरतीसाठी चित्र थांबवलं. परत आल्यावर आमचे हे उरलेले दोन डबे हातात घेऊन उभे, आकडा काही दिसेना. कुंकू पुसायला मन धजेना, अपशकुन नको म्हणून. मला विचारलं, यातला आधीचा कुठला. मी म्हटलं हा असेल, आणि हाताला आला तो दिला. मग ती अक्षरं आली तेव्हा हे दचकले होते, पण ती वाचता कुणाला येत होती? एक डबा शिल्लक होता, म्हणून यांनी लोकांना परत बसवलं.

तुझ्या खिशात पुण्याचं पत्र होतं, श्रीपाद. तू गेला असतास तर तिथं मोठा झाला असतास, तुझा संसार झाला असता, आज कुणीतरी तुझं मनगट शेकायला घरात असतं. मी तुझी वाट माझ्या हातानं फिरवली आणि इतकी वर्षं तुलाच हटवादी म्हणत राहिले. मला माफ कर. आता तरी ये. तुझी काळजी घेऊन मला थोडी भरपाई करू दे. याला नाही म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारी
माई


धार
११ सप्टेंबर २०२४

ती. स्व. माईस,
शि. सा. न. वि. वि.

आपली दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल, तुझं मी चारदा वाचलं. आता हे शेवटचं समज, कारण या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

दसऱ्याला मी येत नाही. मी शब्द दिला होता आणि तो मी मोडतो आहे. आयुष्यात तुला दिलेला शब्द पहिल्यांदाच मोडतो आहे, त्याची मला लाज वाटते, आणि तरीही मोडतो आहे.

दोन तारखेपासून मी वाचनालय उघडलं नाही. चुकीच्या डब्यासाठी कशाला उघडायचं, असं वाटत होतं. आठवडा गेला. तुला सगळं खरं सांगायचं तर, या आठवड्यात कुणीही विचारायला आलं नाही. आज वाचनालय बंद का, असं म्हणायला एकसुद्धा सभासद माझ्या दारात आला नाही. हे तुझ्याच बाजूचं आहे, तरी लिहितो.

सोमवारी संध्याकाळी मी चहा घेतला, सदरा चढवला आणि निघालो. आजवर कुणी विचारलं की इथं का राहिलात, की मी त्या बाईचं चित्र सांगायचो. सोमवारी माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. बाई घरी गेली होती, नाना कधीच गेले, सभासदांना माझी आठवण नव्हती. तरी मी कुलूप काढलं. कपाटं पुसली, वर्तमानपत्रं लावली, दोन तास बसलो. कुणी आलं नाही. मला बरं वाटलं, माई. फार बरं वाटलं.

तू स्वतःला बोल लावू नकोस. चोविसाव्या वर्षी चित्र सरळ दाखवलं असतं तर मी पुण्याला गेलो असतो की नाही, मला खरंच माहीत नाही. कदाचित मला राहायचंच होतं आणि मी निमित्त शोधत होतो. ते तू कुंकू लावून हातात दिलंस, बस्स. भरपाई कसली मागतेस? माझं काही गेलेलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी दुसऱ्या कुणाचं बघून राहिलो असं समजत होतो. आता माझा मी राहतो आहे.

तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. पायरी नीट दिसावी म्हणून दारावर मोठा दिवाही लावला. दिवाळीला आठ दिवस येईन, मागच्या खोलीत राहीन, विनीतानं निवडलेल्या रंगाची तारीफही करीन. नववा दिवस मागू नकोस.

रागावणार असशील तर पोटभर रागाव, फक्त पत्र लिहायचं थांबवू नकोस एवढीच विनंती. घड्याळात पाचला दहा कमी आहेत. मला निघायला हवं.

तुझा
श्रीपाद