बारा नंबरवरची रेघ

वडगाव, ४ फेब्रुवारी २०२४

चि. आरोहीस जोतिरामकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं संशोधन नुसतं ऐकू येतं, कागदावर थोडं कळतं. यीस्टच्या पेशीतला लायगेझ नावाचा एक विकर इतर प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी डकवतो; चिठ्ठी लागली की पेशी ते प्रथिन मोडून टाकते. तो नेमका कोणावर डकवतो हे तू शोधतेस, आणि त्याला बिलगलेलं, तुझ्या यादीतलं बारा नंबरचं प्रथिन तुला सापडलं. एवढं मी संस्कृतच्या वर्गात सांगितलं. पोरांनी सुभाषितापेक्षा जास्त लक्ष दिलं, याचा राग आहे.

शेजारच्या परशरामनं गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावलाय: 'विणकराच्या लेकीनं बारा नंबरचं प्रथिन पकडलं, हार्दिक अभिनंदन.' मजकूर माझा. तुझे आप्पा माग बंद करून बघायला जातात आणि सूत आणायला गेलतो म्हणतात.

लोभ आहेच, तो वाढेल इतकी पत्रं लिही.

बेंगळूरू, १९ फेब्रुवारी

ति. काकांस सा. नमस्कार.

फ्लेक्स उतरवा. बारा नंबर चुकला. लायगेझच नसलेलं यीस्ट मी वाढवलं. तिथं बारा टिकायला हवा होता, तो तितक्याच वेगानं मोडला. म्हणजे त्याला मोडणारा दुसराच कोणी. हा प्रयोग अजून कोणी मागितला नव्हता, गप्प बसता आलं असतं. प्रयोगशाळेच्या बैठकीत सरांपुढे मीच उभी राहून सांगितलं. वहीत बारावर एक रेघ मारली. इथं चूक खोडून काळी करत नाहीत, खालचं वाचता आलं पाहिजे.

आता एकोणीस नंबर उरलाय. तोही गेला, तर इतकी वर्षं गेली. आप्पांना तुम्हीच सांगा, माझ्यानं होत नाही.

तुमच्या मायेची, आरोही

वडगाव, २७ फेब्रुवारी

चि. आरोहीस आशीर्वाद.

मी पोरांना अन्वय-व्यतिरेक शिकवतो: कारण आहे तिथं कार्य दिसतं का ते बघा, आणि कारण काढल्यावर कार्य थांबतं का तेही बघा. दुसरं तू बघितलंस. मी पहिल्यावरच फ्लेक्स छापून मोकळा! संस्कृत वडगावात राहिलं, विद्या बेंगळूरूला गेली.

परशराम म्हणाला, प्रथिन चुकलं आसंल, फोटो तर आपल्याच पोरीचा हाय न्हवं, ऱ्हाऊ द्या की. तरी उतरवला. आप्पांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, धागा चुकलेली साडी घडी घालून खपवणारे लई बघितले. आमच्या पोरीनं सोताच उकलली. फ्लेक्स त्यांनी मागावर पांघरलाय, तुझा चेहरा वर ठेवून.

एकोणिसाचं काय होईल ते होवो. आमचा लोभ नंबर बघून नसतो.

बेंगळूरू, ३ मे

ति. काकांस सा. नमस्कार.

एकोणीस टिकला! लायगेझ नसलेल्या यीस्टमध्ये तो मोडतच नाही. लायगेझ परत घातला की चिठ्ठ्यांची माळ त्याच्या गळ्यात पडते आणि तो नाहीसा होतो. पुन्हा पुन्हा करून बघितलं, मगच लिहितेय. सरांनीही मान्य केलं. आप्पांना सांगा. नवा फ्लेक्स मात्र नको.

तुमचीच, आरोही

वडगाव, १२ मे

चि. आरोहीस अनेकानेक आशीर्वाद.

शब्द पाळला, नवा फ्लेक्स नाही. जुनाच पुन्हा चढवला. परशराम 'बारा'वर कागद चिकटवायला निघाला होता. आप्पांनी त्याचा हात धरला, 'बारा'वर काळ्या रंगाची एकच रेघ मारली आणि खाली 'एकोणीस' लिहिलं. येणारेजाणारे सायकल थांबवून दोन्ही आकडे वाचतात. कोणी विचारलं, की आप्पा माग बंद करून बाहेर येतात, आणि आधी बाराची गोष्ट सांगतात.

आमच्यावरचा लोभ तेवढा न तपासता असू दे.

तुझा काका