लिंबोणीवरचा कोश

नंदुरबार,
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९३८

प्रिय अब्राहामदादास,

एस्तेरचा सलाम. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. रूपीवहिनीच्या उलट्या कमी झाल्या हे चांगलं झालं. सकाळी उठल्यावर काही पिण्याआधी तिने कोरड्या भाकरीचा तुकडा खावा. पायांवर सूज दिसली तर लगेच कळव, वाट बघू नकोस.

शनिवारच्या गाडीने तू सुसानाला न्यायला येणार असं लिहिलंस. वहिनीच्या हाताखाली कुणी हवं, हे मला समजतं. पण या शनिवारी येऊ नकोस. कारण लिहिते, हसू नकोस.

माझ्या परसात एक लिंबोणी आहे. पाऊस सरता सरता तिची कोवळी पानं कुरतडलेली दिसू लागली. मी फवारायला तंबाखूचं पाणी उकळत ठेवलं. सुसाना झाडापाशी बसली होती. तिने बोट दाखवलं तिथे मला पाखराची शीट दिसली. मग ती शीट चालू लागली. मी पाणी ओतून दिलं.

मुलगी आल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, हे मी तुला कळवलं नव्हतं. दर पत्रात 'बरी आहे' एवढंच लिहीत होते. ती आली त्या दिवशी मी उवांसाठी तिचे केस कापले, कार्बोलिक साबणाने तिला घासलं आणि तिचं गाठोडं उकळत्या पाण्यात टाकलं. त्यात तिच्या आईची आठवण, रमिलावहिनीचं लुगडं होतं. मला ते माहीत नव्हतं. ती त्याचा वास घेऊन झोपत असे, हेही नाही. लुगडं स्वच्छ निघालं.

अळ्यांचंही मी तसंच केलं. काचेची बरणी, तोंडाला जाळीचं कापड, आणि पानं लाल औषधाच्या पाण्यात बुडवून धुतलेली. पटकीच्या साथीत आम्ही भाजी धुतो तशी. दुसऱ्या दिवशी अळ्या काळ्या पडून तळाशी होत्या. सुसानाने बरणी उजेडात धरून पाहिली.

"आत्या," ती म्हणाली, "तू त्यांनापण धुतलंस?"

हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. बोलली आपल्या बोलीत, पण पत्र मराठीत लिहायचं हा तुझा नियम.

तेव्हापासून नव्या अळ्याही तीच आणते आणि पानंही, मी हात लावत नाही. थोड्या वाढल्या की त्या शिटेसारख्या अळ्या हिरव्या होतात. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढतात आणि आंबूस वास सोडतात. दवाखान्यात आमच्या वॉर्डातली कालीबाई शेजारीच राहते. तिला हे शिंग दाखवलं तर ती दोन हात मागे सरली आणि मला म्हणाली, "लोके अळ्या मारतस, बाई, आनि तू त्यास्ना पाळना बांधी ऱ्हायनी." सुसाना हसली. हसताना तिचा पुढचा पडलेला दात दिसतो. तू पाहिला नसशील.

आता एकच उरली. ती गेल्या आठवड्यात खायची थांबली आणि बरणीभर नुसती फिरू लागली, वर, खाली, परत वर. मला ती आजारी वाटली. हल्ली मीही परसात अशीच येरझारा घालते, त्यामुळे असेल. सुसाना म्हणाली, जागा शोधते आहे. तसंच झालं. काडीला टेकून तिने कमरेभोवती एक धागा बांधला आणि तिचा कोश झाला. कोश अजून हिरवागार आहे. फुलपाखरू निघायला बराच अवकाश आहे. ते तिला बघू दे. तू पुढच्या महिन्यात ये.

बुधवार, सकाळ

पत्र टपालात टाकायचं राहिलं. बरं झालं.

काल लिहिलं ते खोटं होतं. कोश काल दुपारीच काळसर झाला होता, सालीतून पंखांवरचे ठिपके दिसत होते. मी ते पाहिलं आणि हिरवागार लिहिलं. रोग्याच्या तक्त्यात मी असं कधी लिहिलं नाही.

ते आज उजाडताना निघालं. पंख ओले, चुरगळलेले. एक पाय सालीत अडकलाय असं वाटून मी चिमटा घेऊन पुढे झाले. सुसानाने माझं मनगट धरलं. "राहू दे, आत्या. त्याचं त्याला येतं." आम्ही बसून राहिलो. पंख हळूहळू ताठ झाले, काळे, पिवळट ठिपक्यांचे, मागे एक तांबडा डाग. मग ते कालीबाईच्या कुडावरून गेलं.

सुसाना त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "आता मला जायचं का?"

मी तिलाही तेच सांगितलं होतं ना, कोश उघडेपर्यंत राहायचं म्हणून. मी म्हटलं, तुझ्या बाबाला विचारते.

तर विचारते. तिला माझ्याकडे ठेव. वहिनीचे दिवस भरत आले की मी रजा काढून तुमच्याकडे चिंचपाड्याला येईन, बाळंतपण मीच करीन, उठबस होईपर्यंत राहीन. इथली शाळा चांगली आहे, तिला शिक्षणाची गरज आहे, असं सगळं लिहिणार होते. ते खरंही आहे. पण गरज मला आहे, दादा.

आत्ताच ती परसातून एक पान घेऊन आली. पानावर पाखराची शीट आहे, आणि ती चालते आहे. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. तू शनिवारीच ये. मी बाहेर जाईन, तू तिला एकटीला विचार. ती 'बाबा, चल' म्हणाली तर मी आड येणार नाही.

स्टेशनवर आम्ही दोघी असू. तिची पेटी मी भरलेली नाही.

तुझी,
एस्तेर