लाल फडक्यातली संगीन

मी, कृष्णवेणी, कै. मानाजीराव काटे यांची पत्नी, वय ऐंशी, राहणार मैलापूर, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करू शकणारा एकच माणूस होता, तो सतरा वर्षांपूर्वी वारला. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. वकील गुरुमूर्ती याची तमिळ प्रत करतील, पण वाद निघाला तर ही मराठी खरी धरावी. सून सुनीती नागपूरची. तिने शुद्धलेखन तपासून देते म्हटले, मी नको म्हटले. तंजावरच्या मराठीला इतकी वर्षे कोणी तपासले नाही, आता शेवटच्या कागदावर कशाला?

कागदाची घाई का, तर यंदाच्या खंडेनवमीला नातवाने, क्षितिजने, पूजेतली आजोबांची संगीन मागितली. तो लष्करात अधिकारी व्हायला निघाला आहे. परंगीमलैच्या अकादमीत त्याची निवड झाली. "आजी, ताताची बायोनेट मला दे ना. लकी आहे ती. ती होती म्हणून तर ताता जिवंत परत आला," असे म्हणून त्याने लाल फडक्याच्या गाठीला हात घातला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या घोड्याच्या. गजेंद्र म्हणाला, "अम्मा, तुज काय झालं?"

काय झाले ते खाली येईल. ती संगीन कोणाला जाणार, हाच या कागदातला खरा प्रश्न आहे. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम १. देवळाच्या तलावामागच्या गल्लीतले माझ्या नावचे राहते घर मुलगा गजेंद्र आणि सून सुनीती यांना निम्मे निम्मे. सुनीतीचे नाव मी मुद्दाम घातले आहे. गजेंद्रला राग येईल, येऊ दे. गेल्या वर्षीच्या पुरात वेलचेरीचा फ्लॅट सोडून गुडघाभर पाण्यातून तुम्ही दोघे इथेच आलात, एवढे विकताना आठवावे. विकूच नका असे मी म्हणत नाही. मात्र दारावर 'वीर मानाजीराव' अशी पाटी कोणी लावू नये. लावली तर उपटून टाकण्याचा अधिकार विशालाक्षीला.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझे दागिने विशालाक्षीला. ती या घरी धुणीभांडी करायला आली आणि माझी माणूस झाली. हे माझ्यावर हात उचलत तेव्हा मध्ये पडणारी ती एकटीच. नात्यातल्या बायका दाराआडून "मिलिटरी माणूस, थोडं सोसावं" असे सांगत. एकदा तिने यांच्या पाठीत उलथने घातले होते. त्यानंतर हे तिला 'सुभेदार' म्हणत आणि तिच्यापुढे आवाज चढवत नसत. मागची खोली ती जिवंत असेपर्यंत तिची.

कलम ३. यांची पदके कॉलनीचे सेक्रेटरी कृष्णस्वामी यांना द्यावीत. दर पंधरा ऑगस्टला ते लाऊडस्पीकरवर महायुद्धात धारातीर्थी पडलेला माझा भाऊ गुंडो आणि परत आलेला माझा नवरा यांच्याबद्दल बोलतात, आणि मला पहिल्या रांगेत बसवून शाल देतात. त्यांच्या भाषणात 'बलिदान' हा शब्द मोरांब्यातल्या वेलदोड्यासारखा जागोजागी दाताखाली येतो. बळी देतात तेव्हा सुरी कोणाच्या हातात असते, हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही. पदके घ्या, सेक्रेटरीसाहेब, आणि भाषणात वाजवा. शाली सगळ्या कपाटात आहेत, त्याही न्या.

कलम ४. गजेंद्र, तुझ्या कपाळावरच्या खुणेबद्दल. तू सगळ्यांना सांगतोस की लहानपणी सायकलवरून पडलो. या घरात सायकल नव्हतीच. खंडेनवमीच्या पूजेत तू संगीन उचलून लढाई लढाई खेळलास आणि तुझ्या बापाने पेटती समई तुला फेकून मारली. तेल अंगावर सांडून तू किंचाळलास, ते ऐकून ते आणखी पिसाळले आणि तुला भिंतीवर आपटले. मी त्यांचा पाय धरून लोंबकळत होते. पुढे तू क्षितिजवर पट्टा उगारलास तेव्हा तुझा चेहरा हुबेहूब तोच होता. मी मध्ये उभी राहिले, पट्टा माझ्या खांद्याला लागला, आणि तू रडायला लागलास. त्यानंतर तू कोणावर हात उचलला नाहीस. घर, पैसा मी द्यावा तेव्हा मिळतो. हा वारसा कागदावाचून पोचतो. तो तू अर्ध्यात तोडलास, याचा मला अभिमान आहे. तोंडाने कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते. खुणेबद्दल आता खरे सांगत जा.

कलम ५. संगीन.

यांचा आणि माझ्या थोरल्या भावाचा, गुंडोचा, दोस्ताना लहानपणापासूनचा. दोघे एकाच दिवशी पलटणीत भरती झाले. गुंडो भित्रा होता. घरात कोंबडी कापायची तर पाठ फिरवून उभा राहायचा. पण तंजावरच्या मराठ्याने हत्यार धरलेच पाहिजे, असे आमचे वडील म्हणाले. एवढ्यावरच तो ब्रह्मदेशात, आराकानच्या डोंगरात गेला. चव्वेचाळीस साली तो गेल्याची तार आली. लढाई संपल्यावर हे परत आले, आमच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले की जपान्याची गोळी लागली, क्षणात गेला, यातना झाल्या नाहीत. मग म्हणाले की वेणीची काळजी घे असे गुंडोने सांगितले होते. क्षणात गेला तर सांगितले कधी, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. लग्न झाले.

येताना यांनी धोतरात गुंडाळून संगीन आणली होती. नदी ओलांडताना हरवली असे पलटणीत सांगितले होते. सासूबाईंना केवढा आनंद! त्यांनी ती खंडेनवमीच्या पाटावर मांडली. तेव्हापासून दरवर्षी मी तिला न्हाऊ घालत आले, हळदकुंकू, गंध, झेंडूचे फूल वाहत आले. शेजारी गजेंद्रच्या फॅक्टरीतले पान्हे आणि माझी शिवणाची कात्री. तमिळ शेजाऱ्यांकडे त्या दिवशी आयुधपूजा असतेच. आमच्याकडचे शेंगदाण्याचे सुंदल आणि त्यांच्याकडचे पायसम, अशी देवघेव चाले. आणि त्याच दिवशी आमच्या घरात काहीतरी फुटे. ताट, आरसा, कोणाचे तरी डोके. हे भर दुपारच्या झोपेतून दचकून उठत आणि जवळ असेल त्याचा गळा आवळत. बहुतेक वेळा जवळ मीच असे. त्यांच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, अर्धगोल व्रण होता. काटेरी तारेचा, असे सांगत. गळा दाबला जाई तेव्हा तो व्रण मला कातडीवर जाणवे.

शेवटच्या वर्षी खंडेनवमीला मी पात्यावर गंधाचे बोट टेकवले आणि त्यांनी माझे मनगट धरले.

"वेणी, गंध लावूं नको त्यास. गुंडोस मी मारलों. हेंच घेऊन मारलों."

"जपानी मारले म्हणून सांगितलां कीं तुम्ही!"

"जपानी पोटच फाडले. जीव राहिला होता."

मग सगळे बोलले. टेकडीवरच्या खंदकात हातघाई झाली होती. यांनी पहिल्या जपान्याला भोसकले तेव्हा संगीन बरगडीत अडकली, छातीवर पाय देऊन उपसावी लागली. तो पोरगा उपसेपर्यंत यांच्याकडे पाहत होता. दुसऱ्याचे तोंड यांनी दगडाने ठेचले. गुंडोच्या पायाशी हातबॉम्ब फुटला आणि त्याची आतडी बाहेर आली. ती तो दोन्ही हातांनी आत कोंबत होता आणि कोंबडीसारखा मान टाकत होता. एवढ्यात गुपचूप माघार घेण्याचा हुकूम आला. स्ट्रेचर नव्हते. आदल्या दिवशी मागे राहिलेले जखमी झाडांना बांधलेले सापडले होते. त्यांच्यावर जपान्यांनी संगिनीचा सराव केला होता. गुंडोनेही ते पाहिले होते. तो म्हणाला, "मान्या, मज ठेवून जाऊं नको." खांद्यावर घ्यावा तर तुटत होता. गोळी झाडावी तर आवाज झाला असता आणि सगळेच मेले असते.

"तो ओरडूं नये म्हणून तोंड दाबलों. शेवटाला चावला," हे म्हणाले आणि तळहात माझ्यापुढे धरला.

तो व्रण माझ्या भावाच्या दातांचा होता. त्या हाताने मला मंगळसूत्र घातले होते, त्याच हाताने माझा गळा धरला होता. आणि ज्या पात्याने माझ्या भावाचा गळा चिरला, त्याला मी त्रेचाळीस वर्षे कुंकू लावत होते.

मी पूजा पुरी केली, नैवेद्य दाखवला, यांना वाढले. तीन महिन्यांनी हे गेले. मी त्यांना क्षमा केली का, असे गुरुमूर्तींनी या कलमाचा कच्चा मसुदा वाचून विचारले. गुंडोला त्यांनी जपान्यांच्या हाती सोडले असते तर मी त्यांचे तोंड पाहिले नसते. मारले, म्हणून त्यांच्या हातचे पाणी मला कडू लागले. मला दोन्ही वाटते आणि ऐंशीव्या वर्षी त्यातले एक निवडण्याची मला गरज नाही. एवढे कळते की त्या टेकडीवर दोघे मेले. एकाचे नाव दगडावर कोरले. दुसरा घरी आला, आणि त्रेचाळीस वर्षे आम्हाला मारत राहिला.

यांचे दिवस झाल्यावर मी संगीन पिशवीत घालून मरीनावर गेले. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले आणि टाकवेना. कोळ्याच्या जाळ्यात अडकली तर त्याचा हात कापेल, असे मनात आले. पुढे दोन हजार चार साली समुद्रच किनाऱ्यावर चालून आला तेव्हा वाटले, बरे झाले टाकली नाही, परत आणून दिली असती. त्या दिवशी मी तशीच बाजाराकडे वळले आणि मुरली लोहाराच्या भट्टीसमोर जाऊन बसले.

म्हणून क्षितिज, ऐक. लाल फडक्यात संगीन नाही. मूठ खरी आहे, आत बसच्या स्प्रिंगची पट्टी आहे, मुरलीनेच बसवून दिलेली. आजोबांच्या मागे फडके सोडायचे नाही, अशी शपथ मी तुम्हाला घातली आणि तुम्ही सगळे फडक्यावरूनच कुंकू लावत आलात. आत काय आहे याची तुमच्या भक्तीला कधी गरजच पडली नाही. ती पट्टी भंगारवाल्याला द्यावी.

कलम ६. पाते कुठे आहे?

ते तापवून, वाकवून मुरलीने पाटाला ठोकले. ती आपल्या स्वयंपाकघरातली विळी. तुला कळू लागले तेव्हापासून या घरातले प्रत्येक कच्चे केळे, प्रत्येक भेंडी, तुझ्या मुंजीचा भोपळा, गजेंद्रच्या पन्नाशीचा फणस, सगळे त्या पात्यावर चिरले. तुम्ही सगळे जेवलात. मी तुमच्याकडे पाहत होते आणि मला समाधान होते. कोणाला शिसारी येणार असेल तर येऊ दे. कुंकू लावून पाटावर मिरवण्यापेक्षा हे काम मला स्वच्छ वाटले.

ही विळी मी नातू क्षितिज गजेंद्र काटे याला देते.

तू सैन्यात जाऊ नकोस असे मी म्हणणार नाही. म्हटले तरी तू जाशील, आणि कोणीतरी जातोच. पण पात्याचे नशीब सांगत फिरू नकोस. कोणी विचारले तर गुंडोचे नाव सांग आणि कसा मेला ते सांग. थोबाडीत मारली त्याबद्दल माफी मागत नाही. दुसरी कोणतीही गोष्ट तू मागितली असतीस तर दिली असती, माझ्या लाडक्या.

अट एकच. दरवर्षी खंडेनवमीला, असशील तिथे, जमिनीवर बसून या विळीवर स्वतःच्या हाताने भाजी चिरायची आणि सोबतच्यांना जेवू घालायचे. तुला येत नाही हे मला माहीत आहे, विशालाक्षी शिकवेल. पाय देऊन पाट दाबून धरायचा. संगिनीची धार समोरच्याकडे असते, विळीची आपल्याकडे. पाते हलत नाही, आपला हात त्याच्याकडे न्यावा लागतो. लक्ष चुकले की रक्त आपलेच येते. हे अंगवळणी पडले की मग जा, कण्णा.

वरील सर्व मी वाचून पाहिले. माझ्या मनात होते ते यात आले आहे. हे पार पाडण्याचे काम वकील गुरुमूर्ती यांच्याकडे सोपवते.

(सही) कृष्णवेणी मानाजीराव काटे
मैलापूर, चेन्नई, दिनांक ११ ऑक्टोबर २००६

आमच्या समक्ष सही झाली:

१. (सही) डॉ. तुळसी, राहणार नुंगंबाक्कम. बाई शुद्धीवर असून नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या.

२. (तमिळमध्ये सही) मुरली, लोहारकाम, मैलापूर. सहीखाली यांनी तमिळमध्ये लिहिले त्याचे मराठी असे: पाते मीच वाकवले. अम्मांनी बोलू नको म्हटले, म्हणून बोललो नाही. दर वर्षी माझ्याकडे धार लावायला येते. लोखंड अजून चांगले आहे, जपून वापरावे.